मदत हवी आहे: थायलंडचा डीटीव्ही व्हिसा, जादा कागद मागितलेत, अर्जंट

मांजराकाठ (लातूर):
थायलंडमध्ये राहून इथल्या कंपनीचं काम करायचंय, म्हणून डीटीव्हीचा (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) ऑनलाईन अर्ज भरला, फीस पण गेली. आता पोर्टल म्हणायलंय, पैशाचा अन् कामाचा पुरावा परत अपलोड करा. दोन्ही जोडलेत की! तिकीट काढून बसलोय. लवकर सांगा.

गोदाकाठ:
काय जोडलंत ते तर सांगा. नोकरी का फ्रीलान्स? पैसे कुणाच्या नावावर?

मांजराकाठ:
नोकरी. पुण्याची कंपनी, काम घरूनच. ऑफर लेटर लावलंय. पैसे माझ्याच नावावर, १५ लाख.

गोदाकाठ:
१५ लाख कुठं आहेत?

मांजराकाठ:
४ बचत खात्यात, बाकीची पतसंस्थेत एफडी. पावतीचा फोटो टाकलाय.

सोयाबीनवाला:
भाऊ, सोबत सातबारा जोडा. जमीन दिसली की माणूस परत येणार हे कळतं त्यांना.

गोदाकाठ:
सातबाऱ्याचा इथं उपयोग नाही काका. त्यांना ५,००,००० बाट (थायलंडचं चलन) बँकेत दिसायला पाहिजेत, जमिनीचं मोल नाही.
मांजराकाठ, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पावती मराठीत, त्यात हस्तलिखित असेल तर वाचणार कोण? एफडी मोडा, रक्कम स्वतःच्या बँक खात्यात घ्या. पण एकदम ११ लाख जमा दिसले की उसने आणले का, ही शंका येते. म्हणून एफडी बंद केल्याची पावती, तिचं इंग्रजी भाषांतर अन् पैसा कुठून आला हे सांगणारं चार ओळींचं पत्र लावा. स्टेटमेंट किमान ३ महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्याचं. बाटचा दर त्या दिवशीचा बघा, अन् वर थोडी शिल्लक राहू द्या.

हिंगोलीची_लेक:
कामाच्या पुराव्याचं राहिलंच. ऑफर लेटरवरून नोकरी आहे एवढंच कळतं, थायलंडमधून काम करायला कंपनीची हरकत नाही हे कळत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर नवं पत्र घ्या: पद, रुजू तारीख, पगार, परदेशातून काम करायची परवानगी, आणि सही करणाऱ्याचा ईमेल-फोन. सोबत पगाराच्या स्लिपा. तिथल्या कंपनीचं काम या व्हिसावर चालत नाही, तेही पत्रात येऊ द्या.

बालाघाट:
एवढा कुटाणा कशाला? पोर्तुगालचा डी८ (तसलाच घरून काम करणाऱ्यांचा व्हिसा) करा, युरोपात राहायला मिळतं.

हिंगोलीची_लेक:
त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं. २०२५ च्या हिशेबानं महिना ३,४८० युरो. त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगायलाव काय!

बालाघाट:
बरं. पण १८० दिवस राहिले की थायलंडचा टॅक्स लागतो, हे कुणीच बोलेना.

गोदाकाठ:
अर्धवट सांगू नका. जानेवारी ते डिसेंबरमध्ये १८० दिवस भरले की रहिवासी धरतात. २०२४ पासून तिथं आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर आहे, इथंच ठेवलेल्यावर नाही. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून दोन्ही हिशेब वेगळे मांडा. १० जुलैला उतरलात तर ३१ डिसेंबरपर्यंत १७५ दिवसच होतात. पगार इथल्या खात्यात येत असेल तर भारतातला कर आहेच, सीएला विचारा.

मांजराकाठ:
तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. तिथं जाऊन कागद अपलोड केले तर?

हिंगोलीची_लेक:
तसलं काही करू नका. निकाल लागेपर्यंत अर्जदार थायलंडच्या बाहेर पाहिजे. तिकीट पुढं ढकला. व्हिसा नाकारला तर फीस परत मिळत नाही.
मिळाल्यावर: तिथं पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत टीडीएसी (थायलंडचं ऑनलाईन आगमन कार्ड) भरा, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट बनावट समजा. घरमालकाला २४ तासांत टीएम३० (परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनकडं नोंद) करायला सांगा. सलग ९० दिवस झाले की पत्त्याची खबर इमिग्रेशनला द्यायची. व्हिसा ५ वर्षांचा असला तरी एका खेपेला १८० दिवसच.

मांजराकाठ:
बायको अन् आईला पण न्यायचंय.

गोदाकाठ:
हे आधी सांगायचं ना! बायकोचा अर्ज वेगळा, फीसही वेगळी, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. आई यात बसत नाहीत, त्यांना टुरिस्ट म्हणूनच यावं लागेल.

सोयाबीनवाला:
पतसंस्थेत मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कापतात, आधी विचारून घ्या.

मांजराकाठ:
कापू द्या. एचआरला पत्राचा मेल टाकलाय, एफडी सोमवारी मोडायलोय.