पेन्शनवर आलेल्या दादांची झोप गेली आहे. सुरुवात कोठून करावी?

धाकटा_भाऊ (सातारा जिल्हा)

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादाच म्हणतात, मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षे नोकरी करून स्वतःच्या अर्जावर हवालदार म्हणून पेन्शनवर आले, त्याला आता तीन वर्षे झाली. नोकरीतील बराचसा काळ काश्मीर खोऱ्यात गेला. घरी आल्यावर पहिले सहा-सात महिने सगळे ठीक होते. त्यांनी विहिरीवर नवी मोटर बसवली, गोठ्यावर पत्रा घातला. त्यानंतर त्यांची झोप गेली. हल्ली ते रात्री दोनच्या सुमारास उठतात, बॅटरी घेऊन गोठा, विहीर आणि मागचा बांध असा फेरा मारतात आणि चार वाजेपर्यंत ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसतात. वहिनी म्हणतात की दोन ते चार ही त्यांची पहाऱ्याची वेळ असावी, आणि मलाही तसेच वाटते.

गेल्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब फुटला, तेव्हा त्यांनी शेजारच्या मुलाला धरून खाली पाडले आणि स्वतः त्याच्यावर आडवे झाले. लोक हसले. त्या दिवसापासून ते गावातील कोणत्याही कार्यक्रमाला जात नाहीत, आणि ४ फेब्रुवारीच्या मराठा दिनाला माजी सैनिक एकत्र जमतात, तेथेही जाणे त्यांनी सोडले आहे. एका बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी होती, ती चार महिन्यांत सोडली. तिच्यासाठी घेतलेली परवान्याची बारा बोअरची बंदूक घरीच आहे. सैन्याच्या कॅन्टीनची रम पूर्वी पाहुणे आल्यावर निघायची, ती आता रोज निघते.

त्यांचा जवळचा सोबती स्फोटात गेला, हे आम्हाला त्यांच्या पलटणीतील एकाकडून कळले. दादांनी त्याबद्दल एक अक्षरही काढलेले नाही. डॉक्टरांचा विषय काढला की ते म्हणतात, "मी वेडा नाही, आणि तुम्हाला माझी पेन्शन घालवायची आहे का?" आई देवऋष्याकडे न्यायचे म्हणते. तिकडे काय घडले हे आम्ही त्यांना विचारावे की विचारू नये, आधी दारू सोडवावी की आधी झोपेवर उपचार करावेत, आणि मानसोपचार घेतल्याने पेन्शनला खरोखर धक्का लागतो का, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_पलटण (निवृत्त सुभेदार)

पेन्शनचे आधी सांगतो, कारण तुमच्या दादांची गाठ तेथेच बसलेली आहे. मिळालेले सेवा निवृत्तिवेतन मानसोपचार घेतल्यामुळे बंद होत नाही, कमी होत नाही आणि कॅन्टीन कार्डावरही त्याचा काही परिणाम होत नाही. मग ही भीती येते कोठून? ती नोकरीतून येते. सैन्यात जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते आणि त्यातील पहिले अक्षर 'एस' हे मनःस्थितीचे असते. त्या अक्षराखाली श्रेणी उतरली की हत्यार हाती मिळणे अवघड होते, कोर्स आणि बढती अडते, आणि लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणाच्या जागी, चेष्टा होते ती वेगळीच. त्यामुळे गुडघा दुखतो हे जवान सांगतो, झोप येत नाही हे सांगत नाही. सतरा वर्षे हेच शिकलेला माणूस पेन्शनवर आला म्हणून एका रात्रीत ते विसरत नाही. दादांना हे कोणीतरी फौजी माणसाने समोर बसून सांगायला हवे. तुमच्या तोंडून त्यांना ते पटणार नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका.

मी स्वतः १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या युद्धात, द्रास भागात होतो. घरी आल्यावर अकरा वर्षे मी रोज रात्री दाराची कडी तीन वेळा तपासत असे आणि हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसत असे. मला ती शिस्त वाटायची. एकदा नातवाने पाठीमागून येऊन गळ्यात हात टाकले आणि मी त्याला झिडकारून दिले. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले, तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत बायकोने शंभरदा सांगून झाले होते.

तिकडे काय घडले हे विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितले तर ऐका, मध्येच "जाऊ द्या, झाले ते झाले" असे म्हणू नका, आणि ऐकलेले चावडीवर नेऊ नका. एक काम मात्र तुम्ही आजच करू शकता. सैन्यात प्रत्येक जवानाला एक 'बडी' असतो, ज्याच्याबरोबर तो खातो, झोपतो आणि पहारा देतो. जो गेला तो कदाचित त्यांचा बडीच असेल. पण त्याच सेक्शनमधील, म्हणजे पलटणीतील त्याच छोट्या तुकडीतील, दुसरा कोणीतरी हयात असेल, तोही पेन्शनवर आला असेल आणि कदाचित तोही दोन वाजता उठत असेल. त्याला शोधा. ज्या सोबत्याने तुम्हाला स्फोटाचे सांगितले, त्याच्यापासूनच सुरुवात करा.

मनोविकार_पुणे

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही, तरीही तुम्ही लिहिलेली लक्षणे ओळखीची आहेत. प्रसंग पुन्हा अंगावर येणे, त्याची आठवण करून देणारी माणसे आणि जागा टाळणे, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणे, आणि शरीर सतत सावध राहणे, अशा चारही प्रकारच्या तक्रारी महिन्याहून अधिक काळ टिकल्या आणि त्यांनी रोजचे जगणे बिघडवले, तर त्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, म्हणतात. त्या तक्रारी घटनेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होणे नवीन नाही. पलटणीत असताना सावध राहणे हे कामच होते, त्यामुळे ते कोणाच्या नजरेत आले नाही. घरी आल्यावर पहारा देण्याचे काम संपले, पण शरीराला त्याची खबर पोहोचलेली नाही.

हा आजार कमकुवत माणसाला होतो, हा समज शंभर वर्षे जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, हा शब्द वैद्यकीय लेखनात आला, तेव्हा तो त्रास झालेल्या अनेक सैनिकांना भेकड ठरवले गेले, आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यानंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने पीटीएसडी या नावाने हा विकार आपल्या सूचीत घेतला. दादांना हा इतिहास सांगण्याची गरज नाही, पण घरातील वडीलधाऱ्यांना सांगून पाहा.

उपचार दोन बाजूंनी चालतात. सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीनसारखी औषधे डॉक्टर देतात आणि त्यांचा गुण यायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून ती बंद करणारे रुग्ण मी पुष्कळ पाहतो. दुसरी बाजू बोलण्याच्या उपचारांची आहे, ज्यात प्रशिक्षित व्यक्तीबरोबर ती आठवण टप्प्याटप्प्याने, सुरक्षित खोलीत, पुन्हा पाहिली जाते. घरच्यांनी ओसरीवर बसून हे करायचे नसते, म्हणून वरील सुभेदार साहेबांचा "विचारू नका" हा सल्ला योग्य आहे. मेडिकल दुकानातून अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका. पीटीएसडीवर त्या उपयोगी नाहीत, त्यांची सवय लागते, आणि रमबरोबर त्या श्वासावर परिणाम करतात.

आधी दारू की आधी आजार, असा क्रम लावण्याचे कारण नाही. दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात. मात्र दादा रोज भरपूर पीत असतील, तर घरात बाटली फोडून ती एका दिवसात बंद करू नका, कारण अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात आणि भ्रमाची गंभीर अवस्था येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. स्फोटाजवळ असलेल्या सैनिकांच्या डोक्याला न दिसणारा मार आणि कानांना इजा झालेली असू शकते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

बंदुकीबद्दल मी स्पष्ट लिहितो. झोप नाही, दारू रोजची आणि घरात बंदूक, ही परिस्थिती धोक्याची आहे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि हे दादांच्या पाठीमागे न करता त्यांना सांगून करावे. हत्यार कोठे ठेवायचे हे सैनिकाला तुमच्यापेक्षा चांगले कळते. "जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचा विचार येतो का," हे त्यांना शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होय असेल तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दवाखान्यात यायला ते तयार होईपर्यंत फोनवर बोलता येते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. सैन्यदलातील लोक आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) त्याचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. दादा बोलणार नसतील तर वहिनींनी किंवा तुम्ही बोलावे. प्रत्यक्ष उपचारांसाठी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड घेऊन जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे, तेथून मानसोपचार विभागाकडे रेफरल मिळते. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला आहे.

रानवाट

एवढे मोठे करण्यासारखे यात मला काही दिसत नाही. फौजी माणसाला रिकामपण सोसत नाही. त्यांना पाच वाजता उसाच्या फडात घाला, रात्री आपोआप झोप लागेल.

जुनी_पलटण (निवृत्त सुभेदार)

रानवाट, कष्टाने बरे वाटते हे मी नाकारत नाही. मी स्वतः दोन एकर आले करतो. पण मी अकरा वर्षे कष्टच करत होतो आणि कडी तरीही तीन वेळा तपासत होतो. शिवाय ऊस तुटल्यावर फडात पाचट पेटवतात, तेव्हा तो धूर आणि कांड्या फुटण्याचा आवाज काहींना सोसत नाही. फडात घालण्याआधी ते त्यांना विचारावे.

ओसरीवरची (कोल्हापूर)

मी एका निवृत्त नायकांची पत्नी आहे आणि मला तुमच्या वहिनींसाठी लिहायचे आहे, कारण वरच्या सर्व उत्तरांत त्या पहाऱ्यावरच उभ्या आहेत.

त्यांना सांगा की झोपलेल्या माणसाला हात लावून उठवू नये. पायांच्या बाजूला, हाताच्या अंतराबाहेर उभे राहून नावाने हाक मारावी आणि आपले नाव सांगावे. हे मी गळ्यावर वळ उमटल्यानंतर शिकले. ते जागे झाल्यावर त्यांना काहीही आठवत नव्हते, आणि सांगितले तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मुलांना "बाबा रागीट आहेत" असे न सांगता "बाबांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो, आपण आधी सांगून फटाका लावू" असे सांगावे. दिवाळीत आम्ही चार दिवस मळ्यातल्या घरात राहतो. ते पळणे आहे असे काही नातेवाईक म्हणतात, त्यांना म्हणू द्यावे.

सासूबाईंशी देवऋष्यावरून भांडण्यात मी एक वर्ष घालवले. त्यांना अंगारा लावायचा असेल तर लावू द्यावा, पण गोळीची वेळ चुकू देऊ नये, आणि उपाशी ठेवणे किंवा मारझोड अशा प्रकाराला मात्र घरातील सर्वांनी मिळून ठाम नकार द्यावा. दारूच्या बाबतीत आम्हाला पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा आधार मिळाला. १९८६ पासून ते केंद्र चालते आणि तेथे घरच्यांनाही उपचारांत सामील करून घेतात. माझ्यासारख्या इतर बायकांना भेटल्यावर मला प्रथमच कळले की नवऱ्याच्या झोपेबरोबर माझीही झोप सहा वर्षांपूर्वीच गेली होती. वहिनींचा रक्तदाब कोणी तपासला आहे का?

धाकटा_भाऊ (सातारा जिल्हा)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उत्तर लिहायला नऊ दिवस लागले, कारण लिहिण्यासारखे काही घडेपर्यंत थांबलो होतो.

वहिनींचा रक्तदाब तपासला, तो वाढलेला निघाला आणि त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. खरे तर हे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते. दादांच्या सेक्शनमधील एक जण नांदेड जिल्ह्यात आहेत, असे त्या सोबत्याकडून कळले. त्यांना मी फोन केला, तेव्हा त्यांनी माझे बोलणे अर्ध्यावर थांबवून विचारले, "दोनला उठतो का?" ते गेल्या रविवारी रात्रीच्या एसटीने आले. दोघे ओसरीवर बसले होते आणि मी आत होतो. रात्रभर फारसे बोलणे ऐकू आले नाही. दोन वाजता दोघेही उठले आणि एकाच बॅटरीत बांधाचा फेरा करून आले. सकाळी त्या पाहुण्यांनी स्वतःच्या पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून चहाबरोबर एक गोळी घेतली आणि मुद्दाम ते पाकीट दादांच्या समोर ठेवले.

बंदूक सोमवारी दोघांनी मिळून पोलीस ठाण्यात जमा केली. पावती दादांनी आपल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तिकेत, ठेवली आहे. रम अजून चालू आहे. डॉक्टरांकडे जाण्याबद्दल दादांनी होकार दिलेला नाही, परंतु काल त्यांनी वहिनींना ईसीएचएसचे कार्ड कोठे आहे असे विचारले. कार्डावरील फोटो जुना आहे आणि नाव एका अक्षराने चुकलेले आहे, त्यामुळे पॉलिक्लिनिकमध्ये अडचण येईल का, हे सुभेदार साहेबांनी कृपया सांगावे.

जुनी_पलटण (निवृत्त सुभेदार)

डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत बरोबर न्या. नावाची दुरुस्ती सावकाश होत राहील, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पॉलिक्लिनिकमध्ये सकाळी लवकर जा, दहानंतर रांग दारापर्यंत येते. आणि दादांना भिंतीला पाठ लावून बसता येईल अशी जागा आधी धरून ठेवा.