शृंगाररसाची चित्रमालिका आणि अलैंगिक विद्यार्थिनी

शाईचा_डाग, खानापूर तालुका

नमस्कार. मी एकवीस वर्षांची असून बेळगावात इलस्ट्रेशन शिकते. शेवटच्या वर्षासाठी आम्हाला 'शृंगार' या विषयावर आठ चित्रांची मालिका करायची आहे. मी अलैंगिक आहे, म्हणजे मला कोणाविषयीही शारीरिक ओढ वाटत नाही. एखाद्याशी तासन्‌तास बोलत बसावे, त्याची वाट पाहावी, असे मला वाटते; पण त्यापुढची जी इच्छा वर्गातले सगळे जण गृहीत धरतात, ती माझ्या मनात आजवर उमटलेली नाही.

पहिल्या चित्रात मी आजोबांच्या डोळ्यांत औषध घालणारी आजी काढली. आजोबांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली आहे, आजीने डाव्या अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून धरली आहे आणि थेंब पडायच्या क्षणी तिचेच ओठ नकळत किंचित उघडले आहेत. सरांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "रेषा चांगली आहे, पण यात शृंगार कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. नंतर मी संदर्भचित्रे पाहून आलिंगनाची दोन चित्रे काढली. ती सरांना आवडली, मला मात्र ती दुसऱ्या कोणीतरी काढल्यासारखी वाटतात.

ही मालिका मी प्रामाणिकपणे कशी पूर्ण करावी? आणि प्रदर्शनात चित्रांशेजारी जे निवेदन लावायचे आहे, त्यात 'अलैंगिक' हा शब्द लिहावा का? घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाले आहे.

रंगपेटी, शहापूर

मी अनेक वर्षे दिवाळी अंकांसाठी कथाचित्रे काढत आलो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दलच बोलतो. व्यवसायात उतरल्यावर कथेत प्रणय असेल तर तो तुम्हाला काढावा लागेलच आणि त्यासाठी निरीक्षण पुरते. लढाई न पाहिलेले चित्रकारही लढाया काढतात. ही मालिका मात्र तुमची स्वतःची आहे, म्हणून ती दोन आलिंगने बाजूला ठेवावीत असे माझे मत आहे.

सरांचा प्रश्न अयोग्य नाही, परंतु त्याला उत्तर आहे. आपल्या रसशास्त्राने शृंगाराचे संभोग (म्हणजे मीलन) आणि विप्रलंभ (म्हणजे विरह) असे दोन भेद मानले आहेत आणि विप्रलंभात स्पर्शाला जागाच नाही. तिथे वाट पाहणे आहे, आठवण आहे, दाराकडे लागलेले डोळे आहेत. तुम्हीच लिहिले आहे की वाट पाहावीशी वाटते. मग तिथूनच सुरुवात करा. आजीचे ते उघडे ओठ तर मुळीच पुसू नका, कारण बाळाला घास भरवताना आईचे तोंड जसे आपोआप उघडते तसेच ते आहेत आणि साठ वर्षांचा सहवास त्यात दिसतो.

ज्येष्ठ चित्रकार रवी परांजपे यांचा जन्म १९३५ साली बेळगावातच झाला. त्यांना घडवणारे के. बी. कुलकर्णी हेही याच शहरातले. पाहण्याची शिस्त लावणारी ही परंपरा तुमच्या दारातच आहे.

एक्का, निपाणी

मीही अलैंगिक आहे आणि हा शब्द मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी सापडला, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले. २००४ साली अँथनी बोगार्ट या कॅनडातील संशोधकाने ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीची उत्तरे तपासली, तेव्हा सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीही लैंगिक आकर्षण कधी वाटले नसल्याचे सांगितले होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानग्रंथानेही, स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्या व्यक्तीला कामेच्छेच्या विकाराचे निदान लावू नये, असे म्हटले आहे. घरी कोणी डॉक्टरांकडे नेण्याची भाषा केली तर हे सांगता येईल.

इंग्रजीत आपल्याला थोडक्यात 'एस' म्हणतात आणि पत्त्यांतल्या एक्क्यालाही तोच शब्द आहे. त्यामुळे प्रेमात पडणारे अलैंगिक लोक बदामचा एक्का ही आपली खूण मानतात. तुम्ही चित्रकार आहात, तेव्हा आंबोलीचा घाट उतरून एकदा सावंतवाडीला जाऊन या. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने असतात आणि त्यातल्या मत्स्याच्या एक्क्यावर एकटाच मासा असतो. आठ गोल पानांची मालिका कशी वाटते?

शब्दाबद्दल एकच इशारा देतो. आपल्याकडे 'अलैंगिक' म्हटले की लोकांना शाळेतले अमिबाचे अलैंगिक प्रजनन आठवते, म्हणून शब्द लिहिलात तर त्याचा अर्थही एका वाक्यात लिहा.

अबोली, टिळकवाडी

मी दोन मुलांची आई आहे. निवेदनात काय लिहायचे ते तू ठरव, पण आईला ते भिंतीवर वाचून कळू देऊ नकोस. आधी स्वयंपाकघरात, दोघीच असताना सांग.

शाईचा_डाग, खानापूर तालुका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आलिंगनाची चित्रे मी बाजूला ठेवली आहेत आणि काल एका ताटलीभोवती पेन्सिल फिरवून आठ वर्तुळे आखली. पहिल्यात फक्त आजीचा अंगठा आणि आजोबांचा डोळा आहे. दुसऱ्यात सायंकाळच्या खानापूर गाडीची वाट पाहणारी बाई आहे. तिच्या मांडीवर दोन डबे आहेत. आईशी रविवारी बोलेन, निवेदन त्यानंतर लिहीन.