शब्दचर्चा: 'एक्स्पोजर'ला मराठीत काय म्हणायचं?

आमचे बाबा बडोद्याजवळ नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात ३० वर्षं होते, आता जिना चढताना दम लागतो. त्यांच्यासारख्या रिटायर्ड मंडळींसाठी मी मराठीत माहितीपत्रक करतेय आणि 'एक्स्पोजर'वर, म्हणजे कामावर हवेतली रसायनं, धूळ वाट्याला येण्यावर, गाडी अडलीये. 'विषबाधा' लिहिलं तर बाबा म्हणाले, अगं ती लग्नाच्या जेवणातनं होते, एका रात्रीत, आमचं काय एका रात्रीत झालंय का?

—

ताई, बाबांचं बरोबर आहे. बाधा झटकन होते, भुताचीसुद्धा. 'लागण' पण नको, तो जंतूंचा शब्द. मी 'संपर्क' लिहीन, पण तो बाहेरचा, म्हणजे नाकासमोरच्या हवेत किती होतं ते, आणि अंगात गेली ती 'मात्रा'. दोन्ही वेगळे ठेवा, कारण नीट बसणारा मास्क लावला तर बाहेरची हवा तीच राहते पण मात्रा घटते. दोन्ही शब्द गुजरातीतही चालतात. आपल्याच बडोद्यात सयाजीरावांच्या काळी, १९३१ ला, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी-शेजारी मांडून कोश निघालाय, तेव्हा शब्द शेजारच्या भाषेतही चालेल ही काळजी घ्यावीच.

—

वर्षांचा हिशोब राहिला की. त्याला 'संचित संपर्क' म्हणा. हवेतलं प्रमाण गुणिले वर्षं. खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्यांना ज्या सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो ती घ्या, घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम २० वर्षं काय नि ०.१ मिलिग्रॅम १० वर्षं काय, गुणाकार १ च येतो. आणि 'सरासरी' शब्द जपून वापरा हं, समजा १० दिवस मोजलं, नऊ दिवस ०.०२ आणि साफसफाईच्या दिवशी ०.८२, तर मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, ०.०२ येतो, सगळं छान दिसतं, पण साधी सरासरी ०.१ आहे, म्हणजे पाचपट, आणि फुप्फुसात तर सगळीच बेरीज जाते ना! संचितासाठी साधी सरासरीच हवी, मध्यक नको, आणि मोजणी साफसफाईच्या दिवशी झालीच नसेल तर सरासरीही खोटीच.

आणि क्रियापद म्हणाल तर 'भिनणं'. विष भिनत जातं. याहून नेमकं मला तरी सुचत नाही.

—

दोघांचेही आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'भिनत गेलं' ऐकून गप्पच झाले जरा, मग म्हणाले, आमच्याकडे टाकी शनिवारी धुवायचे, मोजायला माणूस यायचा तो मात्र मंगळवारी, हे पण लिही.