जर्मनीतलं श्लॉस योहानिसबर्ग: आईला घेऊन वर कसं जावं?

आम्ही इंदूरहून ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रँकफुर्टला बहिणीकडे जातोय. एक रविवार ऱ्हाइन नदीकाठच्या श्लॉस योहानिसबर्ग या वाइन बनवणाऱ्या जुन्या वाड्यासाठी ठेवलाय. टेकडीवरचा हा मळा 1720 पासून रीसलिंग द्राक्षांचा. 1775 मध्ये तोडणीची परवानगी घेऊन येणाऱ्या स्वाराला उशीर झाला, द्राक्षं वेलीवरच कुजायला लागली आणि त्यातूनच गोड वाइन निघाली, म्हणे. त्या लेट लतीफचा पुतळा अंगणात आहे, तो मला बघायचाच आहे!

अडचण आईची. वय 72, गुडघे दुखतात. घरचा जिना चढते, पण मधल्या पायरीवर कठडा धरून एकदा थांबतेच. फ्रँकफुर्टहून गाइझेनहाइमपर्यंत थेट लोकल आहे, तिथवर प्रश्न नाही. पुढे दोन-तीन किलोमीटर चढ आहे. नकाशात रस्ता दिसतो, चढाचा अंदाज येत नाही. इथल्या ट्रॅव्हल एजंटला विचारलं, तर तो ऱ्हाइनच्या बोटीचंच पॅकेज गळ्यात मारत होता. बहिणीकडे गाडी नाही आणि मी वाइन चाखणार, त्यामुळे भाड्याची गाडी चालवायचा प्रश्नच नाही.

आई वाइन घेत नाही, शाकाहारी आहे. डबा नेऊच; तिला निवांत बसून खाली नदी दिसली तरी पुरे.

कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा: रविवारी स्टेशनवरून वर जायला बस किंवा टॅक्सी सहज मिळते का, आणि तिथल्या वाइनच्या जुन्या तळघरात उतरायला पायऱ्या किती आहेत?