अरविंद घोषांची १८९३ची लेखमाला: गरिबांबद्दल नेमकं काय म्हटलंय?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनमंडळात यावर वीस मिनिटं बोलायचं आहे. 'काँग्रेस गरिबांना विसरली अशी टीका केली' एवढंच सगळीकडे सापडतं. युक्तिवाद काय होता? नागपूरचा धागा जोडता येईल का?

उत्तर १: मालिकेचं नाव 'न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड'. मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या वृत्तपत्रात ऑगस्ट १८९३ ते मार्च १८९४, इंग्रजीत, निनावी. पहिला लेख आला तेव्हा अरविंदांना एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला आठवडा होता.

बोलताना सुरुवात फिरोजशहा मेहतांपासून करा. १८९०च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष म्हणून त्यांची भूमिका अशी होती की काँग्रेस हा जनतेचा आवाज नसेल, पण तिची गाऱ्हाणी मांडणं हे शिकलेल्यांचं कर्तव्य आहे. अरविंदांनी नेमकं हेच धरलं. ही मध्यमवर्गाची सभा, तिचं लक्ष कौन्सिलातल्या (कायदेमंडळातल्या) जागा आणि सनदी नोकरीच्या परीक्षा यांवर. मग ती 'राष्ट्रीय' कशी? खरी किल्ली अज्ञानात आणि हालात बुडालेल्या कष्टकऱ्यांकडे आहे, असं ते म्हणतात. काँग्रेसवाले इंग्लंडच्या संथ सुधारणेचा दाखला देत, तर ते फ्रान्सच्या निरक्षर जनतेचा देतात. लेखमालेचा कणा हाच आहे, निम्मा वेळ इथेच द्या.

उत्तर २: त्यांना समाजवादी ठरवू नका, बहुतेक भाषणं तिथेच घसरतात. शेतसारा किती कमी करावा, सावकारी कशी रोखावी, मजुरी काय असावी, यातलं काही या लेखांत नाही. तो तपशील दहा वर्षं आधी जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) आहे, आणि भटशाहीवरचं बोटही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. शिवाय सगळे लेख एका धारेचे नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकाला राजद्रोहाच्या खटल्याची धास्ती घातली, तेव्हापासून सूर मवाळ झाला. म्हणून उतारे सुरुवातीच्या लेखांतले घ्या.

उत्तर ३: नागपूरसाठी काँग्रेसचं तिथेच भरलेलं १९२०चं अधिवेशन घ्या. नागपूरचे पुढारी डॉ. मुंजे यांनी अध्यक्षपदासाठी अरविंदांनाच विचारलं होतं; त्यांनी पाँडिचेरीहून नकार कळवला. त्याच अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना (नियमावली) आली: सभासद वर्गणी चार आणे, प्रतिनिधी दर ५०,००० लोकसंख्येमागे एक, प्रांत भाषावार. 'ही मध्यमवर्गाची सभा' या १८९३च्या आक्षेपाला संघटनेच्या पातळीवरचं हे पहिलं ठोस उत्तर, असं मी मानतो. मात्र ते अरविंदांच्या लेखांमुळे झालं असं म्हणू नका, ती घटना गांधीजींच्या पुढाकाराने झाली.