खानापूर–बेळगाव रोजच्या बसप्रवासासाठी लॅपटॉपचे पातळ, हलके कव्हर कोणते घ्यावे?

प्रश्न : खानापूरकर

नमस्कार. मी खानापूरहून बेळगावला एका कर सल्लागारांच्या कार्यालयात कामाला जाते आणि दोन्ही वेळचा प्रवास बसनेच करते. कार्यालयाने नुकताच 14 इंची लॅपटॉप दिला असून त्याचे वजन 1.4 किलो आहे. माझ्या खांद्याच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि एखादी फाइल असतेच. त्यामुळे दुसऱ्या खांद्याला लॅपटॉपची वेगळी जाडजूड बॅग अडकवणे नकोसे वाटते. याच पिशवीत सरकवता येईल असे पातळ कव्हर, ज्याला दुकानदार स्लीव्ह म्हणतात, ते घेण्याचा विचार आहे. गणपत गल्लीत दोन प्रकार पाहिले : एक निओप्रीनचे म्हणजे स्पंजासारख्या रबराचे मऊ, दुसरे इव्हीए फोमचे टणक. दोन्हींवर ‘14 इंच’ असेच लिहिलेले होते, पण आकार मात्र सारखे दिसले नाहीत. यांतले कोणते घ्यावे, माप कसे पाहावे आणि आपल्याकडच्या पावसात ते कितपत टिकेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 : उद्यमबागेतला

ताई, आधी मापाचे पाहू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. 14 इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे, लॅपटॉपच्या लांबी-रुंदीचे नव्हे. 16:9 प्रमाणाचा 14 इंची पडदा सुमारे 31 सें.मी. रुंद आणि 17.4 सें.मी. उंच असतो, अलीकडे रूढ झालेला 16:10 प्रमाणाचा पडदा सुमारे 30.2 सें.मी. रुंद आणि 18.8 सें.मी. उंच असतो. म्हणजे कर्ण तोच, पण नवा लॅपटॉप रुंदीला थोडा कमी आणि खोलीला दीड सेंटिमीटरभर जास्त असू शकतो. जुन्या बेताने शिवलेल्या कव्हरात तो रुंदीला सैल राहतो आणि उंचीला चेन ताणली जाते. म्हणून घरी पट्टीने लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून घ्यावी आणि कव्हरचे आतले माप त्याहून प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त आहे ना, ते पाहावे. त्याहून सैल असेल तर लॅपटॉप आत हलत राहतो आणि धक्का बसताना कोपऱ्यावरच आदळतो.

प्रकाराविषयी माझे मत मऊ निओप्रीनच्या बाजूने आहे. ते थोडे ताणले जाते, त्यामुळे अंगाबरोबर बसते, वजनाला अगदी हलके असते आणि भरलेल्या पिशवीत टणक कव्हरासारखी जागा अडवत नाही.

प्रतिसाद 2 : टिळकवाडी

मापाबाबत पूर्ण सहमत, निओप्रीनबाबत मात्र नाही. सकाळच्या गाडीत उभ्याने प्रवास करताना पिशवी किती दाबली जाते, हे त्या मार्गावरच्या माणसाला सांगायला नको. निओप्रीन ओरखडे आणि किरकोळ धक्के अडवते. पण स्टीलच्या डब्याची कड लॅपटॉपच्या झाकणावर दाबली गेली, तर तो दाब मऊ कव्हर पसरवू शकत नाही आणि झाकणामागचा पडदा तडकण्याची भीती राहते. टणक कव्हर जड आणि जाड असते हे खरे, तरी बसच्या गर्दीसाठी मी तेच घेईन. मऊच हवे असेल, तर फ्लेक्सच्या दुकानातून 3 मि.मी. सनबोर्डचा (फलकांसाठी वापरतात त्या हलक्या, ताठ फोमच्या पत्र्याचा) लॅपटॉपच्या मापाचा तुकडा कापून घ्यावा आणि कव्हरात झाकणाच्या बाजूने सरकवावा. त्याचे वजन जाणवतही नाही.

प्रतिसाद 3 : वडगावहून

आमचा बॅगा शिवण्याचा व्यवसाय आहे, म्हणून शिवणीच्या अंगाने लिहितो.

कव्हर हातात घेतल्यावर प्रथम खालचे दोन कोपरे चिमटीत दाबून पाहावेत. दोन्ही पृष्ठभागांवर भरपूर फोम आणि कोपऱ्यात नुसती शिवण, असा माल बाजारात पुष्कळ येतो. लॅपटॉप पडतो मात्र कोपऱ्यावरच. नंतर चेन पाहावी. 5 नंबरची नायलॉन चेन या कामाला पुरते, 3 नंबरची बारीक चेन रोजच्या वापरात लवकर उसवते. चेनच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी असावी, नाहीतर रनर लॅपटॉपच्या कडेवर घासत राहतो.

कापडावर 600 डी असे लिहिलेले असते, ते डेनियर होय : 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड आणि कव्हरही जड. पिशवीच्या आत राहणाऱ्या कव्हराला 1680 डेनियरचे कापड शोधण्याचे कारण नाही.

पावसाचे म्हणाल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. कापडाला आतून लेप असला तरी सुईची छिद्रे आणि चेन यांतून पाणी शिरतेच, आणि निओप्रीनचेही तसेच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पडतो तशा पावसात बाहेरच्या पिशवीला रेनकव्हर हवेच. नाहीतर लॅपटॉप कव्हरासकट एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. चामड्याचे कव्हर दिसायला देखणे असते, पण आपल्या दमट पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. नमद्याचे म्हणजे फेल्टचे कव्हर पाणी शोषून धरते, तेही टाळावे.

तयार कव्हर मापात बसत नसेल, तर कोणत्याही चांगल्या बॅगवाल्याकडून शिवून घेता येते. लॅपटॉप सोबत न्यावा, नुसते माप सांगू नये.

खानापूरकर

सर्वांचे आभार. मोजले असता लॅपटॉप 31.3 सें.मी. लांब आणि 22.2 सें.मी. रुंद भरला; दुकानातले मऊ कव्हर आतून 23 सें.मी.पेक्षा थोडे जास्तच होते, म्हणजे ते बसेल असे दिसते. मऊ कव्हर आणि त्यात सनबोर्ड, असे ठरवले आहे. एक शंका उरली : त्या कव्हराला पुढे एक कप्पा आहे, त्यात चार्जर ठेवावा काय?

प्रतिसाद 4 : उद्यमबागेतला

ठेवू नये. चार्जरची वीट नेमकी झाकणावर येते आणि टिळकवाडीकरांनी सांगितलेला धोका आपणच आत नेऊन बसवल्यासारखे होते. त्या कप्प्यात फार तर कागद ठेवावेत. चार्जर डब्याच्या बाजूला, वेगळ्या छोट्या पाउचमध्ये राहू द्यावा. लॅपटॉप टाइप-सी चार्जिंगचा असेल तर 65 वॉटचा लहान गॅन (गॅलियम नायट्राइडचे भाग असलेला) चार्जर घेऊन वजन आणखी कमी करता येते, पण आधी मूळ चार्जरवरचे वॉट पाहून घ्यावेत.

आणखी एक. कार्यालयातून निघताना लॅपटॉप नुसता मिटून कव्हरात घालू नये, पूर्ण बंद करावा. स्लीपमध्ये ठेवलेला विंडोज लॅपटॉप कधीकधी आपोआप जागा होतो आणि फोमच्या आत उष्णतेला बाहेर पडायला वाट नसल्याने घरी पोहोचेपर्यंत चांगलाच तापतो, बॅटरीही संपते.