बाप्तिस्मा घ्यावा का? विश्वास बसलाय, अडलंय ते म्हाळावर

पायरीवरचा

थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४१, पुण्यात नोकरी, गाव सातारा जिल्ह्यात. वडिलांचं डायलिसिस दोन वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास बाहेरच्या बाकावर बसून काढायचे. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका असायचे, त्यांची बायको आत मशीनवर. ते पिशवीतून नवा करार काढून वाचत बसायचे, मी मोबाईल बघत. एकदा मोबाईल बंद पडला म्हणून त्यांचं पुस्तक मागून घेतलं. बस्स, सुरुवात एवढीच. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी चमत्कार दाखवला नाही. वडील बरे झाले नाहीत, गेल्या वर्षी गेले.

मत्तयाचे पाच ते सात हे अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, तेव्हापासून किती वेळा वाचले याची मोजदाद नाही. चौदा महिने दर रविवारी उपासनेला जातोय. शेवटच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली आली की शेजारच्याकडे सरकवतो. आता पाळकसाहेब म्हणतात, मनाची तयारी असेल तर बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसा.

घरी देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक आहेत, आई रोज पूजा करते. मी एकुलता एक मुलगा, भाद्रपदात वडिलांचा म्हाळ मीच घालायचा. बायको म्हणते, "काय वाचायचं ते वाचा, पण पोरांच्या लग्नात लोकांना उत्तरं मला द्यावी लागणार." बाकी घरात कसला वाद नाही. जमिनीचंही मिटलंय, बहिणीने गेल्याच महिन्यात हक्कसोडपत्र करून दिलं.

करायचं तर अर्धवट करायचं नाही. नावापुरता ख्रिस्ती होण्यापेक्षा शेवटच्या बाकावर बसलेला हिंदू परवडला. काय करू?

टाळकरी

माउली, घेऊ नका. येशूवर प्रेम करा, त्याचं वाचा, त्याच्यासारखं वागा, कोण अडवतंय? त्यासाठी आईच्या डोळ्यांदेखत टाकांकडे पाठ फिरवायची काय गरज? हिंदूचे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आणि शेवटी त्यांनी केलं काय? १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. तोही साताऱ्यात, तुमच्याच जिल्ह्यात!

चौथी_पिढी

टाळकरी, पुढचं सांगितलंत, मागचं गाळलंत. टिळकांनी दरबार काढला तो स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००. मधली वर्षं त्या बाईने कशी काढली ते त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि रडत रडत हसवत लिहिलंय. न घेतलेल्यांना दार उघडून देणारा माणूस स्वतः केव्हाच आत आलेला होता. त्याच्या दाराचा दाखला देऊन दुसऱ्याला बाहेर थांबवू नका.

मी अहिल्यानगरची, चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. खरं सांगायचं तर मी काही सोडलं नाही. पणजोबांना गावाने वाळीत टाकलं, आमच्या वाट्याला नाताळचा फराळ आला. त्यामुळे 'घ्या' म्हणताना जीभ जड होते. पण पायरीवर बसून कुणाचं घर होत नाही, हेही खरं.

तर्कट

मी नास्तिक, तेव्हा दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

वडील गेले. ज्या बाकावर बसून तुम्ही त्यांचं मरण हळूहळू बघितलंत, त्याच बाकावर एक प्रेमळ म्हातारा होता. तुम्हाला तो म्हातारा हवाय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, त्यांना दर रविवारी चहाला बोलवा.

आणि एक विचारतो. प्रवचन आवडणं वेगळं, ते गांधींनाही आवडायचं. तुमचा बाप्तिस्मा होणार तो मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला या दाव्यावर. नव्या करारात पौलच करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. तुम्हाला ते घडलेलं वाटतं की सुंदर वाटतं?

पायरीवरचा

घडलेलं वाटतं. सकाळी जास्त, रात्री कमी.

चहाला बोलावलं असतं. काकूंच्या मागोमाग काकाही गेले.

तर्कट

माफ करा. तो परिच्छेद मागे घेतो. प्रश्न मागे घेत नाही.

निळी_शाई

बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली येवल्यात, १९३५ ला. दीक्षा घेतली १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. सगळे धर्म तपासले, ख्रिस्ती धर्मही. तेव्हा चौदा महिने फार झाले असं कुणी म्हणू नये.

पण मला खटकलं ते 'नावापुरता ख्रिस्ती' हे. भाऊ, तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही आरक्षणाच्या यादीतले दिसत नाही, चुकत असेन तर सांगा. तुमचा प्रश्न म्हाळ कोण घालणार हा आहे. माझ्या मावशीच्या वस्तीत प्रश्न वेगळा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा दर्जा जातो. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणून रविवारी चर्चमध्ये आणि दाखल्यावर हिंदू, अशी माणसं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर एका प्रकरणात सांगितलं की चर्चला जायचं आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. कायद्याने ते बरोबर असेल. पण पोरीचं शिक्षण की बाप्तिस्मा, असा पेच तुम्हाला पडला नाही म्हणून तुमचा प्रामाणिकपणा जास्त चोख ठरत नाही.

पायरीवरचा

नाही चुकत तुमचं. हा विचार मी केलाच नव्हता.

मु_पो_वसई

आमच्याकडे यावं असं सुचवतो (हसू नका). पाळकसाहेबांच्या वर्गाविषयी काही म्हणायचं नाही, पण आम्हा कॅथलिकांत प्रौढ माणसाला सहसा लगेच स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, देत नाहीत. बरेच महिने शिक्षण चालतं, मधे टप्पे असतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन उभं करतात. तोवर माघार घ्यायची मोकळीक असते, कुणी तोंड वाकडं करत नाही.

दुसरं म्हणजे म्हाळ. ज्याने तुमची झोप उडालीय तेच आमच्यात दुसऱ्या रूपात आहे. २ नोव्हेंबरला आमचं अख्खं गाव दफनभूमीत असतं. आदल्या दिवशी पोरं थडगी धुतात, बायका झेंडूच्या माळा घालतात, संध्याकाळी मेणबत्त्या. आजोबांच्या नावाने मिस्सा सांगतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची असते, हे आमच्या श्रद्धेतच आहे. पान वाढत नाही, पण विसरतही नाही.

चौथी_पिढी

वसईकर, गिऱ्हाईक पळवू नका.

पण हे तुम्ही गोड करून सांगताय. आम्ही प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही, मृतांबद्दल देवाचे आभार मानतो. म्हाळ घालणं त्यात बसत नाही, आणि पाळक तसं स्पष्ट सांगतील. मात्र त्या दिवशी गावी जायचं, आईला भाजी चिरून द्यायची, जेवायला आलेल्यांना वाढायचं, वडिलांच्या फोटोजवळ बसायचं, याला मी तरी पाप म्हणणार नाही. आमच्यातलेच काही म्हणतील. ते भांडण करिंथच्या मंडळीपासून चालू आहे, मूर्तीपुढचं खावं की नाही यावर.

टाळकरी

म्हणजे पान वाढायचं आईने आणि याने भाजी चिरायची! अहो, त्या माउलीला भाजी चिरणारा नकोय, पोरगा हवाय.

चौथी_पिढी

खरं आहे. दुखणारच. दुखणार नाही असा रस्ता मला माहीत नाही, आणि तसा कुणी दाखवला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. अनुच्छेद २५ प्रमाणे हा तुमचा हक्क. धर्म बदलला म्हणून तुमचा स्वतःचा वारसा जात नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, वारसा उघडतो तेव्हा ती हिंदू असल्याशिवाय. तुमची मुलं आधीची आहेत, काळजी नको. आणि हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण धरलंय. ताई तसं करतील असं नव्हे, पण त्यांना हे तुमच्या तोंडून कळावं, वकिलाच्या नोटिशीतून नव्हे.

चौथी_पिढी

पहिल्यांदा वाचताना एका ओळीवरून मी पुढे गेले होते, आता परत आले. "जमिनीचंही मिटलंय, बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं."

पायरीवरचे भाऊ, ते पाच ते सात अध्याय तुम्ही मोजदाद नाही इतक्यांदा वाचलेत म्हणता. मग पाचव्यातलं तेविसावं-चोविसावं वचन आठवत असेल. तू वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर, मग ये.

हक्कसोडपत्र 'करून दिलं' की 'करून घेतलं'?

पायरीवरचा

गावात सगळ्याच बहिणी देतात. तिने काही मागितलं नव्हतं. तिचं सासरचं बरं आहे. आणि डायलिसिसचा खर्च सगळा मी केला. याचा बाप्तिस्म्याशी काय संबंध?

चौथी_पिढी

खर्चाचा हिशेब तिला कधी दाखवला होतात?

टाळकरी

इथे मी या ताईंच्या बाजूला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतका वाटा आहे, आणि आम्ही गावोगाव तो साडी-चोळीवर सोडवून घेतो. माझ्या बहिणींनीही सही दिली. तहसीलमधून बाहेर पडल्यावर आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली आणि बिल धाकटीने दिलं. पंधरा वर्षं झाली, ती मिसळ अजून घशात आहे. मी आषाढीला जातो, पण तिच्याकडे गेलो नाही त्या विषयावर बोलायला.

तर्कट

धाग्यात पहिल्यांदाच आस्तिकांशी सहमत. देव असो नसो, सातबारा आहे.

निळी_शाई

+१. आणि टाळकरी, तुम्हीपण जा.

मु_पो_वसई

मी मात्र थोडा विरोध नोंदवतो. सगळे हिशेब चुकते करूनच पाण्यात उतरायचं म्हटलं तर कुणीच उतरणार नाही. नव्या करारातला जकातदार जक्कय येशूला बघायला चढलेल्या झाडावरून खाली उतरला, येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, आणि मग तो म्हणाला की फसवून घेतलेलं चौपट परत करीन. येणं आधी झालं, परतफेड नंतर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं लागली. माणूस पुरा होऊन येत नाही.

चौथी_पिढी

जक्कयाने नंतर केलं हे मान्य, पण त्याच दिवशी केलं.

काळा_कोट

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तोंडी फिरवता येत नाही. तिचा हिस्सा तिला द्यायचा तर नवा नोंदणीकृत दस्त करावा लागेल, मुद्रांक शुल्क भरावं लागेल, मग तलाठ्याकडे फेरफार. फुकट होत नाही, पण होतं.

पायरीवरचा

तीन दिवस काही लिहिलं नाही. राग आला होता, मग आला नाही.

काल रात्री ताईला फोन केला. सरळ विचारलं, सही करताना तुझ्या मनात काय होतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेव्हा विचारलं नाहीस, आता कुणी विचारायला लावलं?" मी म्हटलं, मत्तयाने. "कोण तो, वकील?" मी हसलो, ती नाही हसली.

ती म्हणाली, जमीन तिला नांगरायची नाही, पण सातबाऱ्यावरून नाव गेलं त्या दिवशी ती बसमध्ये रडत गेली होती. आम्हाला वाटलं होतं अण्णांच्या आठवणीने.

मग चर्चचंही सांगितलं. तिला आईकडून आधीच कळलेलं होतं. म्हाळाचं बोललो तर म्हणाली, "मी घालीन. मुलीने पान वाढलं तर अण्णा जेवायचे नाहीत का?" आणि फोन ठेवताना, "रविवारी ये. येताना डायलिसिसच्या पावत्या आण, मला बघायच्यात."

पावत्यांची फाईल काढून ठेवलीय. पहिल्या काही महिन्यांच्या सापडत नाहीयेत. या रविवारची उपासना चुकणार, पाळकसाहेबांना कळवलंय. वर्गाचं अजून काही बोललेलो नाही.